सरावाचं दुकान

दुकानदाराने टोमॅटो हातात घेतला, हुंगला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "माफ करा ताई. लगेच बदलून देतो."

टोमॅटो प्लॅस्टिकचा होता. दुकानही प्रशिक्षण केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावरचं, सरावाचं. परदेशातून आलेल्यांनी आधी इथे विकायला शिकायचं, प्रमाणपत्र मिळवायचं आणि मगच खऱ्या दुकानात नोकरी मागायची, असा नियम. आपल्या गावी त्याने अठरा वर्षं किराणा चालवला होता. केंद्र ती वर्षं धरत नसे.

मागच्या परीक्षेत तो नापास झाला होता. टोमॅटो नासका निघाला म्हणून शिकवणाऱ्या बाई गिऱ्हाईक होऊन त्याच्यावर ओरडल्या, तेव्हा त्याने विचारलं होतं, "अहो, प्लॅस्टिक नासेल कसं?"

या वेळी बाई खूश झाल्या.

"पाहिलंत ना काका? जुना अनुभव विसरलात आणि सुटलात!"

प्रमाणपत्र घेऊन तो खालच्या मजल्यावर नोकरीच्या खिडकीशी गेला. तिथल्या साहेबांनी ते वाचलं, तोंडभरून कौतुक केलं आणि सांगितलं की दुकानांना इथला वर्षभराचा अनुभव लागतो.

"तो कुठे मिळतो?"

"दुकानात."

मग साहेबांनाच कसंसं झालं असावं. वरच्या सरावाच्या दुकानात चिडक्या गिऱ्हाइकाची जागा भरायची होती, ती त्यांनी त्याला देऊ केली. आधीचं गिऱ्हाईक निवृत्त झाल्यापासून बाईच कशीबशी वेळ निभावून नेत होत्या.

संध्याकाळी बायको हॉस्पिटलच्या लाँड्रीतून परतली. इथे आल्यापासून घर तिच्याच पगारावर चाललं होतं.

"म्हणजे दिवसभर नुसतं भांडायचं?"

"हो."

"आणि पगार?"

"खरा."

"इतकी वर्षं फुकटच करत होतात की," ती म्हणाली आणि भाजी चिरायला बसली.

तेवढ्यात मोठ्या भावाचा फोन आला. गावचं दुकान आता तोच बघत होता.

"लागलास का रे कुठे?"

"लागलो, दादा. दुकानात."

"वा! माल कसा असतो तिकडे?"

"नासत नाही."

दादा थक्क झाला. मग जरा आवाज उतरवून म्हणाला, "आमच्या धाकट्याला पाठवू का? शिक्षण संपलं की येतो म्हणतोय. दुकानाची आवड आहे त्याला. तू आहेस तिथे, म्हणून विचारतो."

बायकोची सुरी थांबली. दुकानदाराने फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"पाठव," तो म्हणाला. "पण तोवर त्याला गल्ल्यावर बसवू नकोस. अनुभव येईल."