सुतारमास्तरांच्या घरातलं दार

सुतारमास्तरांनी बसवलेल्या दारातून मुंगीसुद्धा विचारल्याशिवाय आत जात नसे. पण याच मास्तरांनी स्वतःच्या थोरल्या लेकीच्या खोलीचं दार बिजागऱ्यांसकट काढून भिंतीला टेकवून ठेवलं. कारण एवढंच, थोरलीने सांगितलं होतं, "बाबा, माझं एका मुलीवर प्रेम आहे. मला स्थळं बघू नका."

तेव्हापासून घरात आतली कडी उरली ती न्हाणीघराला. दर गुरुवारी चार वाजता थोरली फोन घेऊन तिथे शिरायची, नळ सोडायची आणि फोनवरच्या समुपदेशक ताईंशी बोलायची. तिच्याशी धड बोलणारं तेवढंच एक माणूस.

त्या गुरुवारी मास्तरांनी दारावर थाप मारली. "टाकी रिकामी करतेस की काय?"

नळ थांबला. थोरली बाहेर आली. डोळे सुजलेले. "झालं, बाबा. ताईंना सांगितलं, आता मी फोन करणार नाही."

ती जेवलीही नाही. मुक्कामाला आलेल्या मास्तरांच्या अक्काने भावाला गाठलं.

"अरे शहाण्या, नळ बंद केला की घर ऐकतं, सोडला की ताईंना ऐकू येत नाही. दोन महिने पोरगी पाण्याशी बोलतेय."

"आजार आहे म्हणूनच ना हे उपचार?"

"प्रेम आजार नव्हे. तिला आजारी पाडलंय तुझ्या त्या उघड्या चौकटीने. तू घामोळं दाखवायला डॉक्टरकडे पडदा ओढून घेतोस, आणि तिने मन चव्हाट्यावर उघडायचं?"

मास्तर उठले. हत्यारांची पेटी उघडली. चौकटीतली जुनी छिद्रं सैल झालेली, स्क्रू धरेनात. मास्तरांनी त्यांत काड्या ठोकल्या, सरस भरला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचं दार तिरकं बसलं, खाली बोटभर फट राहिली.

पुढच्या गुरुवारी ते मान खाली घालून म्हणाले, "ताईंना फोन लाव. कडी आतून आहे. कुणी येणार नाही."

थोरली फोन घेऊन आत गेली. कडी लागली. थोड्या वेळाने फटीतून हुंदका आला, मग दुसरा. मास्तरांचा हात दाराकडे गेला आणि तसाच मागे आला. ते शेजारच्या पडवीत गेले आणि रंधा मारत बसले, आपल्याच कानांवर काही पडू नये म्हणून. तासाभरात फळी कागदाएवढी पातळ झाली म्हणतात.

मंडळी, मनाचा आधार आता फोनमधून घरात येतो. पण दार काही फोनमधून येत नाही. ते घरच्यांनीच बसवायचं असतं, आणि वेळेवर बसवायचं असतं.