आरशात न दिसणारी जागा

डेपोत सगळे त्यांना उस्ताद म्हणत, आणि हे नाव आपल्याला शोभतं याबद्दल उस्तादांना तिळमात्र शंका नव्हती. इतक्या वर्षांत त्यांच्या बसने कुणाला साधा ओरखडा काढला नव्हता. माणूस उंचापुरा, सीटवर बसला की सगळा रस्ता पुढ्यात. मान वळवायची कधी गरजच पडली नाही, आणि आता ती वळेनाशी झाली तरी त्यांचा आरशावर पूर्ण भरवसा होता. स्वतःवर तर त्याहून जास्त.

त्यांची मुलगी त्याच डेपोत ड्रायव्हर. चणीने ठेंगणी. बस वळवण्याआधी ती सीटवरून अर्धी उठे, पुढे झुके, खांद्यावरून मागे बघे. "आमची पोर बस चालवत नाही, उठाबशा काढते," असं उस्ताद चहा पिताना सांगत. सगळे खिदळत, तीही हसे. पण सवय काही सोडली नाही.

ठरावीक वर्षांनी सगळ्या ड्रायव्हरांची आवारात चाचणी होई. बसशेजारी कधी स्कूटर उभी असे, कधी मुद्दाम नसे. ती आहे का आणि कुठे, ते वळण्याआधी ड्रायव्हरने सांगायचं. चुकला तर बस हातची सुटली, पुढे तिकीट खिडकीवर बसायचं. उस्तादांच्या लेखी ती खिडकी म्हणजे पिंजरा होता.

त्या दिवशी बापलेकीची चाचणी एकापाठोपाठ होती, म्हणून मुलगी मागच्या सीटवर बसलेली. परीक्षक उस्तादांचाच चेला.

उस्तादांनी आरशावर नजर टाकली. "मोकळं आहे," म्हणत त्यांनी गिअर टाकला.

"बाबा, थांबा!"

उस्तादांनी करकचून ब्रेक मारला. "का? आरसा खोटं बोलतो?"

"खरंच बोलतो. पण अर्धंच. उतरून बघा."

ते तणतणत उतरले. डावीकडे, मागच्या चाकाला अगदी लागून, डेपोतला मेकॅनिक चाचणीच्या स्कूटरवर बसला होता.

"एवढं चालतं, उस्ताद," परीक्षक हळूच म्हणाला. "मी पास लिहितो."

मुलगी मान खाली घालून उभी होती. उस्तादांना आधी तिचा राग आला, मग राग कुठल्या कुठे गेला. चारचौघांत बापाची भीड न ठेवता तिने एका माणसाचा जीव राखला होता. त्यांचा ऊर भरून आला.

"नापास लिही," ते म्हणाले. "आणि हिला बसव. ए मेकॅनिक, ऊठ तिथून."

ते स्वतः स्कूटरवर बसले आणि सरकत सरकत आणखी अडचणीच्या जागी जाऊन थांबले.

"उस्ताद, भीती नाही वाटत?" मेकॅनिकने विचारलं.

"गाडीवर माझी पोर आहे!"

वर इंजिन घरघरलं. काचेआड एक डोकं उठलं, झुकलं, मागे वळलं.

"डावीकडे, मागच्या चाकाच्या जरा पुढे," तिचा आवाज आला. "आणि बाबा, हेल्मेट घाला!"

"दिसलो!" उस्ताद अख्ख्या डेपोला ऐकू जाईल असे ओरडले. "अरे, दिसलो मी तिला!"