बिल्ले मिरवणारी काठी

मित्रांनो, माझ्याकडे पाहिलंत तर आधी तुम्हाला माझे बिल्ले दिसतील आणि मग मी. मी एक जुनी काठी आहे, जर्मनीतल्या हेझलच्या लाकडाची. वर धरायला वाक, खाली लोखंडी टोपण, आणि मधल्या अंगावर ओळीने ठोकलेले पितळी बिल्ले. त्या देशात पायी हिंडण्याची हौस असलेली माणसं जिथे जातात, तिथला एक छोटा बिल्ला विकत घेऊन काठीवर ठोकतात. जिच्या अंगावर बिल्ले जास्त, तिचा मान मोठा. माझ्या अंगावर आता जागाच उरलेली नाही. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

माझे पहिले मालक ब्रेमर. वाल्डॉर्फ गावात त्यांची बेकरी होती. आठवडाभर ते पीठ मळायचे आणि रविवारी मला घेऊन हायडेलबर्गला जायचे. हायडेलबर्ग हे दक्षिण जर्मनीतलं फार जुनं शहर. नेकार नदीवर दगडी पूल, डोंगरावर लाल दगडाचा अर्धा ढासळलेला किल्ला, खाली गल्ल्या, चर्चचे मनोरे आणि जुन्या खानावळी. ब्रेमर सगळीकडे पायीच जायचे. पूल, किल्ला, चर्च असा एकेक बिल्ला माझ्या अंगावर चढत गेला. वाटेत अनोळखी माणसं थांबून माझं कौतुक करायची, तेव्हा ते मला जरा उंच धरायचे.

मग ते थकले आणि एक दिवस गेले. मी तळघरात पाण्याच्या टाकीमागे उभी राहिले. बिल्ले काळे पडले, कोळ्यांनी जाळी विणली. २०१४ च्या उन्हाळ्यात घर रिकामं करताना मला मोडक्या खुर्च्यांबरोबर रस्त्याच्या कडेला ठेवलं. घरातलं अवजड नको असलेलं सामान तिथे ठरावीक दिवशी असं बाहेर मांडतात. त्याला श्पेरम्युल म्हणतात. कुणाला हवं ते त्याने न्यावं, उरलेलं कचऱ्याची गाडी नेते.

गाडी यायच्या आधी मला उचललं ते मुक्ताने. ती आणि तिचा नवरा हरीश दोघंही महाराष्ट्रातले, वाल्डॉर्फमधल्या सॉफ्टवेअर कंपनीत कामाला. कुणाच्या तरी कचऱ्यातली काठी घरात आणलेली हरीशला आवडली नाही. मुक्ताने त्याचं न ऐकता मला चिंच लावून घासलं, आणि कित्येक वर्षांनी मी चकाकले.

तिने मला आणलं होतं सासऱ्यांसाठी. पद्माकरराव सांगलीच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्तीनंतर काचबिंदूने त्यांची नजर नेली. उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. तीन महिन्यांसाठी ते मुलाकडे आले होते, पण दिवसभर सोफ्यावर बसून असायचे. हरीशने एकदा त्यांना गाडीतून हायडेलबर्ग दाखवलं. पुलाजवळ गाडी हळू करून तो म्हणाला होता, “अण्णा, डावीकडे किल्ला बघा.” बोलून झाल्यावर त्याने जीभ चावली. मग खाली उतरवून त्याने वडिलांचं मनगट पकडलं आणि गर्दीतून त्यांना भराभरा नेलं. त्या रात्री जेवताना अण्णांनी परतीचं तिकीट लवकरचं करायला सांगितलं, पण ते अजून बदललेलं नव्हतं.

मी हातात आले तेव्हा त्यांनी मला बाजूला सारलं. काठी घेण्याइतका मी म्हातारा नाही, असं त्यांचं म्हणणं. पण सारताना त्यांची बोटं बिल्ल्यांवरून फिरली आणि थबकली. चित्र काढणाऱ्याची बोटं ती. एका बिल्ल्यावरच्या उठावातल्या कमानी त्यांनी चाचपल्या आणि समोर बसलेल्या नातीला विचारलं, हे काय आहे?

अवनी अकरा वर्षांची. मराठी तिला सगळं समजायचं, पण उत्तर जर्मनमध्ये यायचं. “ब्र्युके,” ती म्हणाली.

“मला तुझी भाषा येत नाही, बाळा. आणि मला दिसतही नाही. आता तूच सांग, मी काय करू?”

अवनीने बराच विचार केला. “पूल,” ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, “जुना पूल. मी दाखवते.”

शाळेला सुट्टी होती. पहिल्यांदा मुक्ता बरोबर आली, मग आजोबा आणि नात दोघंच बसने जाऊ लागले. अण्णांचा एक हात अवनीच्या खांद्यावर, दुसऱ्या हातात मी. पुलाच्या तोंडाशी कांस्याचं माकड आहे, हातात आरसा घेतलेलं. अण्णांनी ते शेपटीपर्यंत चाचपून पाहिलं. खरं सांगू, त्या दिवशी माकडापेक्षा माझ्याकडेच जास्त लोक बघत होते.

किल्ल्याच्या गच्चीवर दगडात एक पाऊल उमटलेलं आहे. त्यात त्यांनी आपला पाय ठेवून पाहिला. बाजारचौकातल्या मोठ्या चर्चमध्ये गेल्यावर त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, “कमान गोल की टोकदार?”

“टोकदार,” अवनी म्हणाली. पुढचा शब्द तिला सापडेना. मग तिने त्यांचे दोन्ही हात घेऊन जोडले. “अशी. नमस्कारासारखी.”

इतकी वर्षं मी मुलांना कमानी काढायला शिकवल्या, पण कमान अशी कुणी मला समजावली नव्हती, असं अण्णा नंतर मुक्ताला सांगत होते. त्या चर्चमध्ये कधीकाळी मधोमध भिंत होती. दोन पंथांचे लोक अलीकडे-पलीकडे प्रार्थना करायचे. पुढे ती भिंत काढली, हेही अवनीने वाचून मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं. दुपारी दोघं विद्यार्थ्यांच्या जुन्या खानावळीत जायची आणि चीजमध्ये घोळलेल्या जाड शेवया मागवायची, वर तळलेला कांदा. तिथल्या टेबलांवर शेकडो नावं कोरलेली. अण्णांनी त्यावरून हात फिरवला आणि हसले. त्यांच्या शाळेतल्या बाकांचीही हीच दशा होती म्हणे.

आणि मग ते पडले. किल्ल्यावरून उतरताना पाऊस भुरभुरत होता. समोरून एक कुत्रं आलं, अवनीचं लक्ष तिकडे गेलं आणि एक पायरी सांगायची राहिली. मी त्यांच्या हातातून निसटून घरंगळत गेले. मला त्यांना सावरता आलं नाही. त्यांची हनुवटी फुटली, मनगट सुजलं.

संध्याकाळी हरीश फार चिडला. फिरणं बंद, तिकीट पुढच्याच आठवड्याचं करतो, असं त्याने जाहीर केलं. अण्णा शांतपणे म्हणाले, “मी पडलो हे खरं. पण इथे आल्यापासून मी खरा चाललो तो याच दिवसांत.”

हरीश ऐकेना. तेव्हा दारात उभी असलेली अवनी पुढे आली. “बाबा, पायरी सांगायला मी विसरले. परत नाही विसरणार. आजोबांचं तिकीट बदलू नकोस. मला अजून त्यांना खूप दाखवायचंय.”

हरीश तिच्याकडे बघतच राहिला. एवढं मराठी ती त्याच्याशी कधी बोलली नव्हती. रविवारी तूही चल, अण्णा मुलाला म्हणाले, पण चौक डोळे मिटून ओलांडायचा.

रविवारी बाजारचौकात मी हरीशच्या हातात होते. पाय उचलायला तो घाबरत होता, आणि अकरा वर्षांची त्याची मुलगी त्याला सांगत होती, “खांदा सोडू नकोस, बाबा. आता दगड वरखाली आहेत. आता उतार.” चर्चच्या दारापाशी त्याने डोळे उघडले.

“अण्णा, त्या दिवशी मी तुम्हाला ओढत नेलं,” तो म्हणाला.

“कसं न्यायचं ते तुला कुणी सांगितलं नव्हतं ना,” अण्णा म्हणाले. “चल, मनोऱ्यावर जाऊ.”

अरुंद गोल जिना ते चढले, एक हात भिंतीवर, दुसरा नातीच्या खांद्यावर. मी हरीशच्या दंडाला अडकून मागे. मध्ये दोनदा ते दम घ्यायला थांबले, पण परत फिरूया असं कुणीच म्हणालं नाही. वर वारा होता. अण्णांनी मला पुन्हा हातात घेतलं. अवनी सांगू लागली. नदी कुठे वळते, पुलाच्या कमानी पाण्यात कशा पुऱ्या गोल होतात, किल्ल्याच्या खिडक्यांतून आभाळ कसं दिसतं. शब्द अडला की ती वडिलांकडे बघायची आणि हरीश तो हळूच पुरवायचा. ती बोलत असताना अण्णांची बोटं माझ्या वाकावर हलत होती, जणू रेघा मारत होती.

खाली खानावळीत त्यांनी पेन्सिल मागितली आणि ताटाखालच्या कागदावर ते सगळं काढलं. पूल नदीच्या जरा बाहेर गेला होता, एक मनोरा डोंगरावर चढला होता. पण नदीचा बाक तोच होता, जो मी आयुष्यभर पाहिला होता. कित्येक वर्षांनी त्यांनी पेन्सिल धरली होती.

“जमलंय का गं?” त्यांनी विचारलं.

“गेनाऊ, आजोबा,” अवनी म्हणाली. अगदी बरोबर, असा त्याचा अर्थ. तेवढं जर्मन त्यांना आता कळत होतं.

तिकीट बदललं नाही. पुरते तीन महिने राहून अण्णा परतले, आणि मला बरोबर घेऊन आले. आता मी सांगलीत असते. रोज संध्याकाळी आम्ही कृष्णेच्या घाटावर जातो. गल्लीतली मुलं आळीपाळीने खांदा देतात. पाणी कुठवर आलंय, नाव कुठल्या रंगाची आहे, ते सांगतात. माझ्या बिल्ल्यांवर बोट ठेवून हायडेलबर्गची गोष्ट मागतात, आणि अण्णा ती अशी सांगतात की वाटावं, डोळ्यांनी पाहूनच आले आहेत.

मित्रांनो, मला तुमच्याकडे एवढंच मागायचं आहे. जुनी वस्तू टाकण्याआधी ती एकदा घासून बघा. आणि ज्याला दिसत नाही त्याचं मनगट धरून ओढू नका. आपला खांदा पुढे करा, पायरी आली की सांगा, आणि तुम्हाला काय दिसतंय ते आपल्या शब्दांत बोला. बाकीचं ते स्वतः बघतात.