मुकादमाच्या जागी पोस्टमन

"बाबा, आमच्या वर्गाचे फोटो उडाले का?"

हा प्रश्न विचारून दाखवायची पैज मैत्रिणींनी लावली होती. शाळेचं शेवटचं वर्ष, वर्गाचा शेवटचा फोटो, निरोपाच्या नाटकाचं शूटिंग, सगळं भोंगाच्याच घरच्या फोटो स्टुडिओने केलेलं. आणि आता आठवडाभर स्टुडिओच्या दारावर 'काम चालू आहे' अशी पाटी. वक्तृत्वाची ढाल कोणीही मिळवेल, घरी तोंडावर विचारून दाखव, असं त्यांच्यातली चष्मिश म्हणाली होती. त्यात काय मोठं, असं भोंगाने ऐटीत उत्तर दिलं होतं. भोंगा हे तिचं नाव आवाजावरून पडलं होतं. पण आत्ता तो आवाज कुठे पळाला कोण जाणे.

बाबा टेबलाखाली होते. तिथून आधी स्क्रू-ड्रायव्हर बाहेर आला, मग डोकं. उडायला ती काय कबुतरं आहेत, असं म्हणून डोकं पुन्हा आत गेलं. आई मात्र कुणाच्या तरी गालावरचा पुरळ स्क्रीनवर पुसत होती, तिने माऊसवरचा हात काढून घेतला. भोंगाला तेवढ्याने कळलं. आईलाही हाच प्रश्न पडला होता, तिने फक्त विचारला नव्हता.

झालं होतं असं. फोटो ठेवायच्या सर्व्हरमध्ये सहा डिस्क होत्या आणि त्यांच्यावर एक कार्ड, रेड कंट्रोलर. बाबा त्याला कौतुकाने मुकादम म्हणायचे. फोटो आला की मुकादम त्याचे तुकडे करून सहाही डिस्कवर वाटायचा, आणि वर असा हिशोब ठेवायचा की एखादी डिस्क मेली तरी फोटो पुन्हा जुळवता यावा. एवढा भरवसा असल्यावर दुसरी प्रत कशाला, म्हणून बाबांनी ती कधी काढलीच नाही. डिस्क मरायची वाट बघत बसले, आणि मेला मुकादमच.

आज नवं कार्ड आलं होतं. दुकानदार काकांनी पाठवलेलं, खाच तीच, वायरी त्याच. बाबांनी ते बसवलं, बटण दाबलं, पंखे घरघरले. स्क्रीनवर एकाखाली एक सहा ओळी उमटल्या. सहाच्या सहा सापडल्या, असं म्हणत बाबांनी कपाळ पुसलं. मग खाली एक चौकट आली. डिस्क नव्या आहेत, वापरण्याआधी तयार करायच्या का? हो. नाही.

बाण 'हो'कडे सरकू लागला.

"थांबा," भोंगा म्हणाली. "आधी एकच दिसायची ना? एक मोठी?"

मग आता सहा दिसतात, जास्तच दिसतात, तक्रार कसली, असं बाबा म्हणाले. ढाल मिळाल्यापासून ही घरातही भाषणं ठोकते, हेही म्हणाले. पण त्यांचं बोट हवेतच राहिलं.

"आणि नव्या कशा म्हणतोय तो? आमचं अख्खं नाटक आहे त्यात."

आई खुर्ची सरकवून उठली आणि हळूच म्हणाली, "हात काढा आधी माऊसवरून."

बाबांनी दुकानात फोन लावला, आवाज मोठा केला. दुकानदार काका रंगात होते. अहो, हे रेड नाहीच, होस्ट बस अ‍ॅडॅप्टर आहे, साधं, सरळ, डोकं न चालवणारं, हल्ली जाणकार मागून घेतात. मग तुकडे कोण वाटतं, भोंगाने विचारलं. ते काम कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरचं, काका म्हणाले. हे कार्ड डिस्क जशी आहे तशी पुढे करतं, आत काय आहे त्याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. म्हणजे आम्ही मुकादमाच्या जागी पोस्टमन बसवला, असं ती म्हणाली, तसे काका मोठ्याने हसले. आणि हसता हसता गप्प झाले.

"डिस्क कोऱ्या नाहीत? जुन्या कार्डावरच्या आहेत? तयार करायला हो म्हटलंत की काय? सगळं पुसलं जाईल!"

बाण 'हो'च्या कडेला टेकलेला होता.

"नाही म्हटलं," भोंगा म्हणाली, आणि मग खरंच 'नाही' दाबलं.

काकांनी मशीन बंद करायला सांगितलं. वाटणी कशी केली याची खूण डिस्कवरही असते, पण ती वाचायला जुन्याच जातीचं कार्ड हवं. शोधतो म्हणाले. मिळेलच असं मात्र म्हणाले नाहीत.

मैत्रिणींचे मेसेज येऊन थडकतच होते. विचारलंस का? घाबरलीस ना? सांग त्यांना, सगळं सुखरूप आहे म्हणून, असं बाबा खाली बघत म्हणाले. आई कीबोर्ड पुसत होती, तो स्वच्छच होता.

बंद मशीनमधून एकेक डिस्क काढून भोंगाने मार्करने आकडे घातले, लेन्स पुसायच्या मऊ फडक्यांत गुंडाळून त्या कॅमेऱ्यांच्या कपाटात ठेवल्या आणि कुलूप लावलं. किल्ली मुठीत धरून ती दोघांसमोर येऊन उभी राहिली. आवाज परत आला होता.

"मी त्यांना खरं तेच सांगणार आहे. डिस्क आहेत, पण फोटो आज दिसत नाहीत, आणि उद्याही दिसतील का ते आम्हाला माहीत नाही. शिव्या घातल्या तर मी खाईन. कार्ड मिळेपर्यंत किल्ली माझ्याकडे राहील, बाबा, मागू नका. आणि फोटो दिसले की सगळ्यात आधी दुसरी प्रत काढायची. तोवर या घरात कुठल्याही कार्डाला कौतुकाने मुकादम म्हणायचं नाही."