रेषेपलीकडे नांगर

मिशिगनमधल्या ट्रॉय गावातल्या त्या घराच्या ड्राइव्हवेवर दर रविवारी सकाळी खडूची एक लांब रेघ असायची. रेघेच्या अलीकडे अमेरिका, पलीकडे कॅनडा, आणि सगळा ड्राइव्हवे मिळून सेंट क्लेअर सरोवर. कमरेला पुठ्ठ्याची खोकी बांधून पाच-सहा मुलं त्या सरोवरात नावा चालवायची, आणि मध्ये प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले पुरुषोत्तम त्यांना अडवायचे.

"वीर, नाव कुठे आली तुझी?"

"कॅनडा!"

"गळ पाण्यात आहे?"

"येस."

"मग कॅनडाचं लायसन्स काढ, ऑन्टॅरिओचं."

वीरने खिसे चाचपले. "मिशिगनचं आहे ना, आजोबा."

"ते मिशिगनच्या पाण्यात. माशाला कोणी पासपोर्ट विचारत नाही रे बाबा, तुला विचारतात."

मुलं खिदळली. पुरुषोत्तमांनी हात वर केला. "आता नीट ऐका. नुसते तरंगत पलीकडे गेलात, कुठे थांबला नाहीत, आणि तसेच परत आलात, तर कोणाला कळवायला नको. पण काठाला लागलात, दुसऱ्या नावेला भिडलात, किंवा नांगर टाकलात, की तुम्ही कॅनडात आलात. मग फोन करून कळवायचं."

मागून आन्याने विचारलं, "बट आजोबा, व्हॉट इफ देअर्स अ स्टॉर्म? कॅन यू ड्रॉप द अँकर देन?"

अकरा वर्षांची पोर. विचारण्यात काही वावगं नव्हतं. चांगला विद्यार्थी हेच विचारील. पण पुरुषोत्तमांच्या हातातला खडू मोडला. "आज एवढंच," ते म्हणाले आणि खुर्ची उचलून आत गेले.

आन्या ही शंतनूची मुलगी. शंतनू नागपूरचा, एका बँकेच्या आयटीमध्ये कामाला. मोटारींचे ब्रेक तयार करण्यात उभी हयात घालवून निवृत्त झालेल्या पुरुषोत्तमांकडून तो मासेमारी शिकला. शिकला तोही असाच, याच ड्राइव्हवेवर, याच रेघेपाशी. त्याच्या व्हिसाची मुदतवाढ अडकली होती आणि पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत केव्हाच संपली होती. देशाबाहेर पाऊल पडलं तर परत येता येईल की नाही, या धास्तीने आजारी आईला भेटायलाही तो दोन वर्षं गेला नव्हता. म्हणून पुरुषोत्तमांनी त्याला बजावून ठेवलं होतं, "तुझ्यापुरता एकच नियम लक्षात ठेव. रेषेपलीकडे नांगर टाकायचा नाही."

तीन वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्या एका सकाळी, त्याचा फोन आला. वाऱ्याने अर्धे शब्द उडत होते.

"काका, इंजिन बंद पडलंय. वाऱ्याने रेषेपलीकडे आलोय. टाकू का नांगर?"

आणि पुरुषोत्तम म्हणाले, "थांब, नियम बघून सांगतो."

नियमांचं पुस्तक गॅरेजमध्ये होतं. चष्मा स्वयंपाकघरात. पान सापडायला चार मिनिटं लागली. जीव धोक्यात असेल तर खुशाल नांगर टाका, मग कळवा, असं तिथे सरळ लिहिलेलं होतं. त्यांनी फोन लावला. वाजत राहिला. मग वाजायचाही थांबला.

नांगर टाकलेली नाव वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते. न टाकलेली लाटेला कूस देते. हे त्यांनीच शिकवलं होतं. तिथे तळ अवघ्या अकरा फुटांवर होता, आणि उलटलेली नाव सापडली तेव्हा नांगराची दोरी अजून नीट गुंडाळलेली होती.

नेत्राने, शंतनूच्या बायकोने, फोनच्या यादीत पाहिलं होतं: शेवटचा कॉल पुरुषोत्तमकाकांना, सत्तेचाळीस सेकंद. तिने एकदाच विचारलं, "काय म्हणाला, काका?"

"आवाज नीट आला नाही गं," ते म्हणाले होते.

तेव्हापासून तो आवाज नीट यायला लागला. कधी बर्फ उडवणाऱ्या यंत्राच्या घरघरीत, कधी नळाच्या धारेत, कधी नुसतं पुस्तकाचं पान उलटताना. काका, टाकू का? ते थबकत, वाट बघत. तो पुढे काही म्हणत नसे. उत्तरासाठी थांबलेल्या माणसाची शांतता तेवढी मागे उरायची.

आन्याने सरोवरावर नेण्याचा हट्ट धरला तेव्हा त्यांना वाटलं, नेत्रा नाही म्हणेल. नेत्राने खूप वेळ डब्याचं झाकण पुसलं आणि म्हणाली, "तुमच्याबरोबर जातेय म्हणून सोडते, काका. दुसऱ्या कोणाबरोबर नसती पाठवली."

खरं सांगितलं तर ही पोर पुन्हा आपल्या अंगणात यायची नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी डबा हातात घेतला.

शनिवारी सकाळी पाणी आरशासारखं होतं. सोळा फुटी नावेत आन्या लाइफ जॅकेट घालून बसली होती. पिशवीत दोघांचे पासपोर्ट आणि दोन्हीकडची लायसन्स होती, जरी रेषेच्या जवळसुद्धा जायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. आन्याच्या गळाला एक पिवळा पर्च मासा लागला आणि ती एवढ्याने ओरडली की शेजारच्या नावेतल्या म्हाताऱ्याने टोपी हलवली. त्या गडबडीत वारा कधी फिरला ते कळलं नाही. मागे पाहिलं तर काठ पुसट झाला होता आणि पश्चिमेकडून पाणी काळं होत येत होतं.

पुरुषोत्तमांनी इंजिनाची दोरी ओढली. इंजिन खोकलं. पुन्हा ओढली. खोकणंही थांबलं. जीपीएसच्या छोट्या पडद्यावर नावेचा ठिपका सरकत सरकत रेषेला टेकला आणि पलीकडे गेला.

पहिली लाट कुशीवर आदळली. पाणी आत आलं. आन्याने बाक घट्ट धरलं. पुरुषोत्तमांचा हात आपसूक पिशवीकडे गेला, पुस्तकाकडे, आणि तिथेच गोठला.

"काका, टाकू का नांगर?"

अगदी जवळून, नावेच्या पुढच्या टोकाकडून. आन्या तर त्यांच्याकडे पाहत होती आणि तिचे ओठ मिटलेले होते. आणि आन्या त्यांना काका म्हणत नसे. तिच्यासाठी ते आजोबा होते.

दुसरी लाट उठताना दिसली.

"टाक!" पुरुषोत्तम ओरडले. "टाक रे, टाक नांगर! विचारू नकोस, टाक!"

आन्याने पुढे झेप घेतली आणि नांगर पाण्यात लोटला. दोरी सळसळत गेली, ताणली गेली, आणि नाव हळूहळू वळली. लाट समोरून आली, टोकावर फुटली आणि दोन्ही बाजूंनी निघून गेली.

त्यांनी कॅनडाच्या नंबरवर फोन केला. बाईने नाव, ठिकाण आणि माणसं किती ते विचारलं. इंजिन बंद पडलंय, लाटा आहेत म्हणून नांगर टाकलाय, सोबत लहान मूल आहे, त्यांनी सांगितलं. "बरोबर केलंत, सर. तिथेच थांबा, मदत पाठवते," ती म्हणाली. सगळं मिळून दोन मिनिटं.

आन्या वळली. "आजोबा, तुम्ही कोणाशी बोलत होता? यू सेड टाक रे. आय ॲम अ गर्ल."

खोटं बोलायला जागा होती. घाबरलो होतो, म्हटलं असतं तरी चाललं असतं. पुरुषोत्तमांनी पुढच्या टोकाकडे पाहिलं. तिथे फक्त ताणलेली दोरी होती.

"तुझ्या बाबाशी," ते म्हणाले. आणि मुलांना समजावतात तसं, एकेक गोष्ट सुटी करून, त्यांनी सगळं सांगितलं. इंजिन. रेषा. प्रश्न. पुस्तक. चष्मा.

"ही वॉज वेटिंग?" आन्याने विचारलं.

"हो. मी थांब म्हटलं होतं."

"अँड यू लाइड टू आई."

"हो, बाळा."

ती पुढे जाऊन त्यांच्याकडे पाठ करून बसली. मदतीची नाव येईपर्यंत, जवळजवळ तासभर, तिने नांगराची दोरी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. धरायची काही गरज नव्हती. दोरी खुंटीला बांधलेली होती. पुरुषोत्तम तिला तसं म्हणाले नाहीत.

दुपारी त्यांची नाव ओढत अमेरिकेच्या धक्क्याला आणली तेव्हा नेत्रा तिथे उभी होती. आन्या त्यांचा पुढे केलेला हात न घेता उतरली आणि आईला बिलगली.

"काय झालं, काका? फोनवर धड कळलं नाही. लागलं का कोणाला?"

पुरुषोत्तम धक्क्यावर चढले. नळाची धार, वारा, दोरी, कुठेही काही वाजत नव्हतं. आता बोलायचं होतं ते त्यांनाच.

"नेत्रा," ते म्हणाले, "त्या दिवशी शंतनूचा आवाज मला नीट आला होता."