तिसरं अस्तर

मी शिंप्याची बंडी बोलतेय. जे सांगायचं ते आत्ताच सांगून घेते, पुढची लक्षणं मला बरी दिसत नाहीत.

मालकानं मला स्वतःच्या हातानं बेतलं. जाड सुती कापड, आत दुहेरी अस्तर. चाळीस वर्षं लोकांचे कोट शिवलेला माणूस. कापड नुसतं चिमटीत धरून त्याची जात सांगतो. पण धरतो ते कोरडंच. घामानं भिजलेलं कापड अंगावर कसं वागतं, हे त्या बोटांना कधी कळलंच नाही.

साठी उलटली तरी दर रविवारी सकाळी तो सायकलनं खिंडीपर्यंत चढतो. त्याची मुलगी रोज पळायला जाते. यंदाची थंडी बघून तिनं त्याला लोकरीचा पातळ बनियन आणि वारा अडवणारं हलकं जाकीट आणून दिलं.

"बाबा, घरातून निघताना थोडं गारच वाटलं पाहिजे. चढावर अंग आपोआप तापतं. सुती कापड घाम धरून ठेवतं."

"हे कागद घालून जाऊ? शिंप्याला कापड शिकवतेस होय?"

मला तेव्हा फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

गेल्या रविवारी चढावर त्याचा सगळा घाम मी प्यायले. उतारावर वारा लागला आणि मी बर्फ झाले. घरी पोचला तेव्हा त्याचे दात वाजत होते, बटणं सुटेनात. शेवटी मुलीनं सोडवली. आता तरी शहाणा होईल म्हटलं, तर यानं मला मशीनवर घेतलं आणि तिसरं अस्तर लावलं. रोग म्हशीला, औषध पखालीला.

आज आम्ही पुन्हा खिंडीत आहोत. मी तिसऱ्या अस्तरापर्यंत चिंब आहे. कठड्यावर बसला तेव्हा तो कुडकुडत होता. आता कुडकुडणं थांबलंय आणि त्याला वाटतंय, ऊब आली. मी त्याच्या छातीला चिकटलेली आहे; ऊब कुठेच नाही. मला भीती वाटते. उठून तो सायकल धरतो, पण ब्रेकवर त्याची बोटं वळत नाहीत.

मुलीचा फोन येतो. त्याचा जड आवाज ऐकताच ती म्हणते, "बाबा, आहात तिथेच थांबा. मी गाडी घेऊन येते. भिजलेलं आधी काढून टाका."

"कशाला उगाच?" त्याची जीभ जड झालीय. "बंडी आहे ना अंगात."

फोन खिशात ठेवून तो सायकलवर बसतो. समोर उतार आहे.

वाटेत कुणाला दिसला, तर एवढं करा. त्याचं काही ऐकू नका. आधी मला त्याच्या अंगावरून काढा.