भेगेवरची काच

“घराची जागा हलवलीत, अगदी चार पावलं जरी हलवलीत, तरी आधी मला फोन करा. पाया खणायच्या आधी.”

राजनंदिनी मॅडमनी हे सृष्टीला माझ्यासमोर सांगितलं होतं, आणि सृष्टी हसली होती. “चार पावलांत काय जमीन बदलतीय, मॅडम?” असं म्हणून तिने मातीचा रिपोर्ट पर्समध्ये सरकवला होता. मित्रांनो, ते हसू मला आज सारखं आठवतं आहे.

मी काच आहे. जुनी, वीतभर लांब, दोन बोटं रुंद. एका घराच्या भिंतीला भेग गेली आहे, तिच्यावर मला आडवी चिकटवलेली आहे. मला एकच शब्द येतो आणि तो जन्मात एकदाच बोलता येतो. तो शब्द म्हणजे माझं तुटणं. आत्ता, थोड्या वेळापूर्वी, मी तो बोलले. ज्यांनी ऐकायला हवा होता त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. म्हणून तुम्हाला सांगते आहे. घाईत सांगते आहे, पुढेमागे झालं तर सांभाळून घ्या.

मूळची मी वाळू. भट्टीत वितळून काच झाले, म्हणजे माती हे माझं माहेरच. नशीब असं, की मला काम मिळालं तेही मातीच्याच घरात. सांगलीत राजनंदिनी मॅडमची माती तपासायची प्रयोगशाळा आहे, तिथल्या कपाटाचं दार मी होते. तेव्हा मी चांगली ऐसपैस होते. माझ्यामागे फळ्यांवर डबे मांडलेले असत. नदीकाठची काळी माती, जतकडची भुरकट, पाटणच्या डोंगरातली तांबडी. कुणाचा पूल व्हायचा असे, कुणाची शाळा, कुणाची पाण्याची टाकी. बांधायच्या आधी तिथली माती इथे येई. तिला भट्टीत वाळवत, चाळणीतून चाळत, दाबून बघत.

समोरच्या टेबलावर काचेची एक उंच नळी होती, माझी चुलत बहीणच म्हणा. तिच्यात काळ्या मातीचा भुगा घालून पाणी ओतून ठेवत. दुसऱ्या दिवशी बघावं तर माती फुगून वर आलेली. नवीन मुलं चकित होत. मॅडम म्हणत, “ही माती म्हणजे आंबवलेलं पीठ आहे. पाणी मिळालं की फुगणार, वाळलं की खाली बसणार. हिच्यावर घर ठेवलं तर घरही तेच करणार. म्हणून हिच्या खाली जाऊन मुरूम गाठायचा, जमलं तर कातळ.” आणि मग नेहमीचं वाक्य. “लोक लग्नाला पत्रिका बघतात, घराला जमिनीची पत्रिका बघत नाहीत.”

सुभेदार लालासाहेबांनी मात्र ती बघितली होती. खोटं कशाला सांगू? पलटणीतून निवृत्त होऊन आलेला माणूस, मिशीला पीळ. कोरेगावजवळ त्यांचा ऊस आहे, त्या रानाला आडाचा मळा म्हणतात. तिथे त्यांना घर बांधायचं होतं. मुलगा जयराज सीमेवर, म्हणून सून सृष्टी बरोबर आली होती. तिच्या कडेवर शिवतेज होता, तेव्हा नुकताच बसायला लागलेला. मॅडमच्या माणसांनी घराच्या आखलेल्या जागेत कोपऱ्याकोपऱ्यात खड्डे घेतले होते. रिपोर्ट चांगला आला. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा कातळ. सुभेदारांनी माझ्यात बघून मिशी सारखी केली आणि म्हणाले, “काच लय झ्याक ठेवलीय तुमी!” माझ्या आयुष्यात माझं कौतुक झालं ते तेवढंच. मी दिवसभर चमकत होते.

तेव्हाच मॅडमनी तो इशारा दिला. आणि सृष्टी हसली. ती शिकलेली आहे, मित्रांनो, अडाणी नाही. पण चार पावलं तिला चारच वाटली.

पुढचं मला उशिरा कळलं. जमिनीवर चुन्याच्या रेघा मारून झाल्यावर सुभेदार रस्त्यावर जाऊन उभे राहिले. तिथून बघतात तर घराला कडुलिंब आडवा येतो. “यष्टीतनं जाताना मानसानं म्हनलं पायजे, त्यो बघा सुभेदाराचा बंगला,” असं त्यांचं म्हणणं. झाड तोडायला मन होईना, म्हणून घर सरकवलं. रस्त्याच्या बाजूला, झाडाच्या अलीकडे. चुन्याच्या नव्या रेघा पडल्या. सृष्टीच्या हातात फोन होता. एवढ्याशासाठी मॅडमना कशाला त्रास द्यायचा, म्हणून तिने तो खाली ठेवला.

इकडे माझंही नशीब फिरलं. वादळात खिडकी आपटली, कपाटाला धक्का बसला आणि मी तडकले. मॅडमनी माझे चांगले तुकडे काच कापायच्या हिरकणीने कापून पट्ट्या केल्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळून खणात ठेवल्या. तिथे अंधार होता. मला वाटलं, संपलं. आपल्याला आता कोणी विचारणार नाही.

मग एक दिवस खण उघडला. फोनवर सृष्टीचा आवाज होता, आणि त्यात हसू नव्हतं.

“मॅडम, पुढच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी भेग गेलीय. आधी केसाएवढी होती, आता शिवतेजचं नख आत जातंय.”

मॅडम मला घेऊन मळ्यात आल्या. भेग बघितली, बाहेर जाऊन कोपरा बघितला, मग झाडाकडे बघितलं.

“घर इथं नव्हतं यायचं,” त्या म्हणाल्या.

सुभेदार म्हणाले, “आवं, चार पावलं सरकलंय. रान तर त्येच हाय की.”

“आबा, या रानाला काय म्हणतात?”

“आडाचा मळा. आज्याच्या काळापासनं.”

“मग आड कुठाय?”

मित्रांनो, सगळा गाव रोज आडाचा मळा, आडाचा मळा म्हणतो, आणि तो आड, ती जुनी विहीर, कुठे आहे असं कुणी कधी विचारलं नव्हतं.

“बुजीवला त्यो,” सुभेदार हळू आवाजात म्हणाले. “मी पलटणीत हुतो तवा. थोरल्या भावानं. पाचट टाकलं, दगडं टाकली, वरनं मुरूम वढला. आता भाऊ बी न्हाई.”

“कुठल्या जागी?”

“आसंल की हितंच कुटंतरी.”

मॅडमनी पायाखाली बघितलं. सृष्टीने शिवतेजला एकदम उचलून घेतलं.

पाचट म्हणजे उसाचा वाळलेला पाला. तो जमिनीखाली कुजतो, आणि कुजला की तिथे पोकळी होते. बाकीचं घर मुरमावर उभं आणि एक कोपरा कदाचित या पोकळीवर. मॅडमनी हे समजावून सांगितलं. यंत्राने कोपऱ्याशी खोल भोक घेऊन आड नक्की कुठे आहे ते बघू, म्हणाल्या. मग पाया कसा सावरायचा ते ठरवता येईल. “तोवर ही खोली रिकामी ठेवा. या बाजूच्या उसाला पाणी देऊ नका. आणि ही काच.” त्यांनी मला भेगेवर आडवी धरून दोन्ही टोकांना पांढरं प्लास्टर लावलं, शेजारी पेन्सिलीने तारीख लिहिली. “भिंत हलत असेल तर ही तुटेल. तुटलेली दिसली, तर सामान घ्यायलासुद्धा थांबू नका. घराबाहेर पडा आणि मला फोन करा.”

त्या दिवसापासून मी जेवढी बघितली गेले, तेवढी जन्मात कधी बघितली गेले नव्हते. सृष्टी रोज सकाळी बॅटरी घेऊन यायची. तिचा श्वास माझ्यावर धुक्यासारखा बसायचा, ती पदराने पुसायची, पुन्हा बघायची. शिवतेज आता बोलायला लागला होता. तो दारातूनच हाक मारी, “काचताई, उठलीस का?” मी उठलेलीच असे. एका अंगाला भिंत ओढत होती, दुसऱ्या अंगाला दुसरी भिंत. पण त्याने हाक मारली की मी अंग आवळून धरी. न तुटणं हे माझं काम नाही, हे मला कळत होतं. तरीसुद्धा.

सुभेदारांना भोक घेणं पटेना. “दारात मशीन आलं म्हंजे गावभर व्हईल, सुभेदाराचं घर बसलं.” आधीच शेजारचे आकाराम दारात येऊन, भेग बघून टोमणा मारून गेले होते, “काय सुभेदार, भितीवर कृष्णामाई काडली व्हय? कोयना कुटं मिळती त्ये बी दावा की!” सगळे हसले. सुभेदारही हसले. त्याच संध्याकाळी त्यांनी पलटणीचा मोठा फोटो आणला आणि खिळा ठोकून माझ्यावर टांगला. प्रत्येक घावाला मी थरथरत होते. त्या फोटोचीही काच आहे, नवी, लखलखीत. लोक आता तिच्याकडे बघतात. तिच्या पाठीमागे मी आहे.

सृष्टी भांडली. मग एवढं ठरलं, की फोटो राहील, पण रोज उचलून बघायचा. ती रोज उचलायची. आज सकाळीही तिने उचलला. मी धड होते. ती भिंतीला हात लावून म्हणाली, “आज एवढा दिवस काढ बाई.” सासऱ्यांना न विचारता मशीनचा दिवस नक्की करायला ती सांगलीला निघाली होती. पोराच्या अंगात कणकण होती, बाहेर मे महिन्याचं ऊन, म्हणून त्याला ठेवून गेली. जाताना दारातून तीनदा मागे आली.

“आबा, शिवबाला मागच्या खोलीत झोपवा. इकडं आणायचं नाही.”

“व्हय गं.”

“आणि काच बघत जावा.”

“बगतो. जा, यष्टी जाईल.”

ती गेली आणि शेतीची वीज आली. ऊस वाळायला लागला होता, मित्रांनो. वाळणारा ऊस बघवत नाही माणसाला. सुभेदारांनी मोटर सुरू केली. मला इथून काही दिसत नाही, पण पाणी मला कळतं. ते पाटाने आलं, भिंतीच्या बुडाशी आलं, आणि कोपऱ्यापाशी येऊन थांबलं नाही. खाली गेलं. खूप वेळ खाली जात राहिलं. एवढं पाणी कुठे चाललंय हे कोणीतरी बघायला हवं होतं.

दुपारी घरातली वीज गेली. पंखा बंद झाला. मागच्या खोलीला पत्रा आहे, ती तव्यासारखी तापते. ही खोली पूर्वेची, दुपारी गार असते. मला पावलं ऐकू आली, दोन मोठी आणि दोन लहान. आत आल्यावर दार लागेना. सकाळी लागत होतं. सुभेदारांनी खांदा देऊन ते लोटलं, उन्हाची झळ येऊ नये म्हणून. मग पलंग सरकवला आणि गार लागते म्हणून भिंतीला भिडवला. माझ्या खाली.

“काचताई, झोप आता,” शिवतेज फोटोला म्हणाला.

तेवढ्यात फोन वाजला. सृष्टीचा आवाज मला इथवर आला. “आबा, शिवबा कुठाय?”

“मागं झोपलाय,” सुभेदार म्हणाले आणि पोराकडे बघून तोंडावर बोट ठेवलं असणार, कारण पोरगं खुदकन हसलं.

“काच बघितली?”

“बगितली. शाबूत हाय. तू उगंच जीव टांगून घेतीस पोरी. ह्या घराला कायबी व्हत न्हाई.”

आणि तेव्हाच मला आवरेनासं झालं. मी तुटले. माझ्या अंगात होता नव्हता तेवढा आवाज काढला. पण काचेच्या एका पट्टीचा आवाज तो केवढा? टिक्.

“बघ!” सुभेदार फोनमध्ये म्हणाले, आणि पलंगाच्या लाकडावर बोटाने टकटक केलं. “पाल चुकचुकली. सत्य हाय म्हन की!”

बोलता बोलता पाल चुकचुकली की बोललेलं खरं, असं इकडे मानतात. माझा एकुलता एक शब्द त्यांनी पालीचा समजला, आणि त्यांच्या बोलण्याची साक्ष म्हणून घेतला. पलीकडे सृष्टी काहीतरी बोलत होती. रेंज गेली.

आता ते दोघे झोपले आहेत. प्लास्टरचा भुगा फोटोच्या पाठीवर पडतो, त्याचा आवाज वाळूसारखा येतो. माझे दोन तुकडे एकमेकांपासून लांब होत आहेत. सकाळी ते एकच होते. माझ्यापाशी दुसरा शब्द नाही.

अशा गोष्टीच्या शेवटी शिकवण सांगायची पद्धत आहे. माझी एवढीच: जिथली माती तपासली तिथेच घर बांधा, जागा हलली तर पुन्हा तपासा, आणि तुमच्या रानाला जे नाव आहे ते का आहे हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. बाकीचं उद्या. आज वेळ नाही.

मित्रांनो, आज एवढं करा. कोरेगावच्या रस्त्याला वळणावर कडुलिंब आहे. त्याच्या अलीकडे, यष्टीतून दिसावं असं ऐटीत उभं असलेलं ते घर. एकटे जाऊ नका, मोठं माणूस बरोबर घ्या, वाटेपासूनच ओरडत जा. पुढचं दार अडकेल, खांदा लावा. फोटो काढून मला शोधत बसू नका, मी तुटले आहे हे सांगितलंच. सुभेदारांना साध्या हाकेने जाग येणार नाही. पलटणीच्या हुकमासारखं “फॉल-इन” म्हणून ओरडा, झोपेतही उभे राहतील.

आणि ते उठले म्हणजे झालं, असं समजू नका. पोरगं त्यांच्या पाठीआड आहे, भिंतीच्या बाजूला. दारातून दिसत नाही. आत जाऊन बघा.